एका फायरफ्लायचं प्रकरण: हल कापायचा की वरून पट्टी लावायची

पार्श्वभूमी

दोघं सख्खे भाऊ, दोघंही वॉरगेमिंगवाले, म्हणजे टेबलावर छोटी मॉडेलं मांडून फाशांवर लढाया खेळणारे, आणि मी त्यांच्या टेबलावर बहुतेक वेळा समोरच्या बाजूला बसणारा. ते म्हणाले सगळं लिही पण नावं नकोत, म्हणून इथे फक्त थोरला आणि धाकटा. थोरल्याचा जीव किट बांधण्यात, त्याला रिव्हेट मोजल्याशिवाय चैन पडत नाही, आणि धाकट्याचा जीव खेळण्यात, त्याला किट कधी एकदा टेबलावर उतरतंय असं झालेलं असतं. दोघांचं पटतं छान, पण फायरफ्लाय या एका टँकच्या मॉडेलवरून सहा आठवडे जे काय चाललं ते जवळून बघितलं, आणि त्यातून शिकण्यासारखं इतकं निघालं की नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

गेम ठरला होता १९४४ च्या शेवटच्या महिन्यांतला, नेदरलँड्समधला, म्हणजे सपाट ओला मुलूख, बांधावरचे रस्ते, चिखल. स्केल १/७२. भावांकडे ब्रिटिश बाजू, माझ्याकडे जर्मन, त्यात दोन पँथर टँक. ब्रिटिश ट्रूपची, म्हणजे टँकांच्या छोट्या तुकडीची, त्या काळातली सर्रास मांडणी म्हणजे तीन साधे ७५ मिमी तोफेचे शर्मन टँक आणि सोबत एक फायरफ्लाय. फायरफ्लाय म्हणजे शर्मनच, पण त्याच्या टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, ब्रिटिशांनी स्वतःची १७ पाउंडर तोफ बसवलेली. पँथरची पुढची वरची प्लेट ८० मिमीची आणि उभ्यापासून ५५ अंश कललेली, तिच्यावर ७५ मिमीचे गोळे समोरून काही करू शकत नव्हते, त्यामुळे ट्रूपमध्ये फायरफ्लाय नसेल तर गेमला अर्थच राहत नाही, धाकट्याचे तीन टँक माझ्या पँथरसमोर नुसते उभे राहणार.

घरात किट होती चार, चारही एकाच प्रकारची, झटपट जुळणारी, एम४ए१ म्हणजे ब्रिटिश भाषेत शर्मन टू. पूर्ण ओतीव हल, म्हणजे टँकचं धड, सगळीकडून गोलाई असलेला.

अडचण

पहिल्या शनिवार-रविवारी धाकट्याने तीन किट जोडून टाकली. चौथं थोरल्याने घेतलं, ड्रॉइंग काढली, स्केल पट्टी घेऊन बसला, आणि अर्ध्या तासात म्हणाला की हे जमणार नाही.

कारण असं की फायरफ्लाय झाले ते मुख्यतः दोन हलवर. एक एम४ए४, ज्याचा फायरफ्लाय व्हीसी म्हणून ओळखला जातो, आणि दुसरा साधा एम४, त्याचा आयसी. दोन्ही वेल्डेड, म्हणजे सरळ प्लेटा जोडून केलेले, बाजू सपाट, कडा धारदार. आपल्या हातात मात्र ओतीव गोल हल. त्यावर लांब नळी लावली तर जो शर्मन ओळखतो त्याला लगेच खटकणार.

एम४ए४ करायचा म्हटलं तर अजून एक भानगड. त्याच्यात क्रायस्लरने पाच इंजिनं एकत्र बांधून केलेलं ३० सिलिंडरचं मल्टिबँक इंजिन होतं, त्याला जागा पाहिजे म्हणून हल लांब केला, बोग्या, म्हणजे चाकांच्या जोड्या, एकमेकींपासून लांब सरकल्या, ट्रॅकच्या कड्या एका बाजूला ७९ च्या ८३ झाल्या. लांबीतला फरक साधारण २२ सेंमी. ७२ ने भागा, ३ मिमी येतात.

या ३ मिमीवर दोघांचं पहिलं वाजलं. धाकटा म्हणाला, "दादा, तीन मिलिमीटर टेबलावर कोणाला दिसणारेत?" थोरला म्हणाला, "मला दिसणार." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, कारण ज्याने तो टँक बांधायचाय त्याचं मन त्यात लागलं पाहिजे, नाहीतर अर्धवट सोडलेल्या किटांचा डबा भरतो, दुसरं काही होत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. एम४ए१ चा हल तसाच ठेवायचा, फक्त लांब नळी, टरेटच्या मागे रेडिओची पेटी आणि पुढची मशीनगन झाकायची. एका संध्याकाळचं काम. धाकट्याला हाच हवा होता.

दुसरा, तयार फायरफ्लायचं किट मागवायचं. पण हाताशी येण्यासारखं जे होतं ते १/७६ चं. लोक म्हणतात १/७२ आणि १/७६ मिसळले तरी चालतात, आणि पायदळाच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंय, पण एकाच मॉडेलचे टँक शेजारी शेजारी उभे केले की लपत नाही. ५.८ मीटरचा टँक १/७२ ला ८१ मिमी भरतो, १/७६ ला ७६-७७. चौघांत एक बुटका दिसतो, आणि तोही नेमका सगळ्यात मोठी तोफ असलेला.

तिसरा, रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट. ओळखीतल्या एकाकडे प्रिंटर होता. डिटेल मस्त येतं यात वाद नाही, पण साधी रेझिन ठिसूळ असते, पातळ नळी, हॅचच्या म्हणजे वरच्या झाकणांच्या कडा, हुक, सगळं हाताळताना तुटतं, आणि बाकी तीन प्लास्टिकचे असताना पृष्ठभागाचा पोतही वेगळा दिसतो. थोरल्याला स्वतः बांधायचं होतं हे खरं कारण, बाकीची नंतर जोडलेली.

चौथा, खरा व्हीसी. खालचा हल दोन जागी कापून प्रत्येकी दीड मिमीचे तुकडे घालायचे, वरचा हल पूर्ण प्लास्टिक कार्डातून, म्हणजे पातळ प्लास्टिक शीटमधून, नव्याने, ट्रॅक वाढवायचे. थोरला याच्यावर दोन दिवस अडून बसला.

आणि मग पाचवा सापडला, तो ड्रॉइंग चाळता चाळता. एम४ चा एक प्रकार असा होता की पुढचा भाग ओतीव आणि मागचा वेल्डेड, त्याला कॉम्पोझिट हल म्हणतात, आणि त्यावर केलेल्या फायरफ्लायला मॉडेलवाले आयसी हायब्रिड म्हणतात. लांबी एम४ए१ इतकीच, रुंदी तीच, इंजिनही तेच आर९७५ रेडियल, त्यामुळे मागचं इंजिनाचं झाकणसुद्धा किटमधलंच चालणार. म्हणजे पुढचा गोल भाग आहे तो तसाच ठेवायचा आणि फक्त ड्रायव्हरच्या हॅचच्या मागचा भाग सपाट करायचा. खालच्या हलला, बोग्यांना, ट्रॅकला हातही लावायचा नाही.

हा क्षण मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोघं "अचूक की सोपं" यावर भांडत होते, आणि उत्तर मिळालं ते हातातलं किट खऱ्या इतिहासातल्या कुठल्या वाहनाच्या सगळ्यात जवळ जातं हे विचारल्यावर. आधी वाहन ठरवून मग किट वाकवायला गेलं की काम डोंगराएवढं होतं, किटकडून वाहनाकडे गेलं की कधीकधी असा रस्ता निघतो. शर्मनचे इतके प्रकार झालेत की तिथे तर हा शोध घेतलाच पाहिजे.

काय केलं

हायब्रिड ठरला. आता प्रश्न कसा करायचा, आणि इथे दुसरा निर्णय आला जो आज मागे बघता चुकला.

थोरल्याचं म्हणणं, मागचा गोल भाग कापून काढायचा आणि जागी १ मिमी प्लास्टिक कार्डाच्या सरळ भिंती उभ्या करायच्या. धाकटा बाजूला बसून दुसऱ्या टँकचे ट्रॅक चिकटवत होता, मान वर न करता म्हणाला, "दादा, कापायचंच कशाला, वरून पट्टी लाव ना." म्हणजे गोल बाजू थोडी घासून त्यावरच पातळ कार्ड चिकटवायचं आणि वरच्या कोपऱ्यातली पोकळी पुट्टीने भरून कड धारदार करायची. थोरल्याने ऐकलं, पण त्याला वाटलं त्याने रुंदी वाढेल. ३६ मिमी रुंदीचा हल, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिमी म्हणजे एक मिमी जास्त. त्याने कापायचं ठरवलं.

कापणं मी बघितलं. त्याने हलभोवती मास्किंग टेपची पट्टी गुंडाळली, तिच्या कडेला रेझर सॉ टेकवली आणि अगदी हळू, जोर न देता ओढायला लागला, टेबलावर हिरव्या प्लास्टिकचा बारीक भुसा पडत होता आणि तो दर दहा-बारा ओढींनंतर फुंकून रेघ बघत होता. वरची बाजू झाली, उजवी झाली, डावीकडे येताना हल हातात थोडा फिरला आणि करवत टेपच्या कडेवरून सरकली. सरकली ती एक मिमीच. पण एवढ्या छोट्या हलला एक मिमी पुरतो. पुढचा भाग खालच्या हलवर ठेवला तर नाक उजवीकडे वळलेलं, टेबलावरून, उभं राहून, स्पष्ट दिसत होतं.

ते सरळ करायला आठवडा गेला. डावीकडे कार्डाची पाचर, मग ती घासणे, मग परत ठेवून बघणे, मग टरेटच्या गोलाचा आकार बिघडला म्हणून आतून कार्डाची रिंग. भिंती उभ्या राहिल्या, इंजिनाचं झाकण जुन्या तुकड्यातून कापून मध्ये बसवलं, आजूबाजूला पट्ट्या. ओतीव भाग आणि प्लेट जिथे मिळतात तिथली वेल्डची रेघ त्याने स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या दांड्यांना चिकटून येतात त्या, तापवून ओढलेल्या तारेने केली, लिक्विड सिमेंट लावून मऊ केली आणि ब्लेडच्या बोथट बाजूने टोचत टोचत गेला, ती रेघ आजही त्या टँकवरची सगळ्यात देखणी गोष्ट आहे. पुढच्या ओतीव भागावर जाड ब्रशने सिमेंट थोपटून खरखरीत पोत आणला. जिथे पाचर जास्त दिसत होती तिथे गुंडाळलेली ताडपत्री आली, टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून केलेली. पुढच्या उतारावर जास्तीच्या ट्रॅकच्या कड्या लावल्या, खरे क्रू त्या संरक्षणाला म्हणून लावायचेच.

बाकीच्या फायरफ्लायच्या खुणा त्या मानाने पटकन झाल्या. पुढच्या मशीनगनचं भोक कार्डाच्या तुकड्याने झाकलं, कारण फायरफ्लायमध्ये तो गनर काढून त्या जागी दारूगोळा ठेवायचे, क्रू पाचाचा चार झाला. टरेटच्या मागे रेडिओची चिलखती पेटी, कारण १७ पाउंडर मागे सरकायला जागा हवी म्हणून आतला रेडिओ बाहेरच्या पेटीत गेला. टरेटच्या छतावर लोडरसाठी वेगळं हॅच.

मग नळी. १७ पाउंडरची नळी ७६.२ मिमीच्या ५५ पट, म्हणजे ४.१९ मीटर, आपल्या स्केलला ५८ मिमी, त्यातला मागचा भाग टरेटमध्ये. तरी हलच्या नाकापुढे अडीच सेंमीच्या आसपास नळी बाहेर राहते. थोरल्याने ती प्लास्टिक रॉडमधून केली, पुढे निमुळती घासली, टोकाला मझल ब्रेक, म्हणजे तोफेचा धक्का कमी करणारा जाडसर तुकडा, त्याला दोन्ही बाजूंनी बारीक ड्रिलने भोकं. आणि मॅंटलेटच्या, म्हणजे टरेटवर नळीच्या मुळाशी असलेल्या ढालीच्या, तोंडाला सरळ सपाट चिकटवली, आत काही न घालता.

चाचणीचा गेम

चौथ्या आठवड्याच्या शेवटी धाकट्याने आग्रह धरला की रंगवायच्या आधी एकदा खेळून बघू. थोरला नाखूश होता, कच्चा टँक टेबलावर नको म्हणत होता. पण धाकट्याने हट्ट धरला नसता तर पुढचा प्रकार रंगवलेल्या टँकबरोबर झाला असता, त्यामुळे या निर्णयाचं श्रेय त्याचं.

तिसऱ्या टर्नला धाकट्याने फायरफ्लाय बांधामागे न्यायला उचलला. आपण सगळे टँक कसे उचलतो ते बघा कधी लक्ष देऊन, बोटं आपोआप टरेटवर जातात, अंगठा एका बाजूला, तर्जनी नळीच्या मुळाशी. टरेट नुसता भोकात अडकवलेला होता, तो हलमधून निसटला, धाकट्याने पकडायला हात आवळला आणि नळी मॅंटलेटपाशी कट करून मोडली. आवाज बारीक, पण तिघांनाही ऐकू आला. थोरला काही बोलला नाही, तुकडा उचलून डबीत ठेवला. धाकट्याचा चेहरा बघवत नव्हता.

आम्ही गेम थांबवला आणि तिथेच बसून बोललो, आणि ते बोलणं चांगलं झालं. शोकेसमधलं मॉडेल आणि टेबलावरचं मॉडेल यात फरक हाच की दुसऱ्याला एका संध्याकाळी चाळीस-पन्नास वेळा हात लागतो, तोही ज्याचं लक्ष मोजपट्टीकडे आणि फाशांकडे आहे अशा माणसाचा. कुठे धरणार, कुठे आपटणार, काय बाहेर आलंय, हे बांधतानाच धरायला हवं होतं.

दुसरी नळी पितळी रॉडची. दीड मिमीच्या आसपास जाडीचा रॉड हँड ड्रिलच्या जबड्यात धरून फिरवत फाइल आणि मग सँडपेपरने निमुळता केला. मॅंटलेटला आधी अर्धा मिमीचं, मग एक, मग दीड असं भोक वाढवत नेलं, एकदम मोठं ड्रिल घातलं की प्लास्टिक चिरतं. रॉड आरपार टरेटमध्ये ८ मिमी आत गेला आणि आतल्या टोकाभोवती इपॉक्सी पुट्टीचा गोळा, त्याने पकडही मिळाली आणि लांब नळीमुळे टरेट पुढे झुकायला लागला होता त्याला मागे वजनही मिळालं. जुना मझल ब्रेक मोडका तुकडा डबीत ठेवल्यामुळे वाचला होता, तोच आतून पोखरून पितळेवर बसवला.

टरेटच्या बुडाला ५ मिमीचा निओडिमियम मॅग्नेट आणि हलच्या आत लोखंडी वॉशर. दोन मॅग्नेट लावायचे नाहीत, हे मी आवर्जून सांगतो. दोन लावले की एकाची बाजू उलटी चिकटायची भीती, आणि चार टँकांत टरेट अदलाबदल करायचे तर सगळ्यांची दिशा सारखी लागते, वॉशर असला की ही कटकटच नाही. टरेट जरा जास्तच सहज फिरायला लागला म्हणून मध्ये जाड कागदाची रिंग घातली. बाकी तिघांनाही तसंच केलं. आता कोणी टरेटला धरून उचललं तर अख्खा टँक वर येतो, आणि नळीला धक्का बसला तर नळीच्या आधी टरेट फिरतो.

रंग, आणि नळीचं पांढरं पोट

रंगाबद्दल थोडक्यात. १९४४ पासून ब्रिटिशांचा एससीसी १५ ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा, पण अमेरिकेतून आलेले शर्मन बरेच त्यांच्या मूळ ऑलिव्ह ड्रॅबमध्येच. दोन्ही गडद. एवढ्या लहान मॉडेलवर डबीतला रंग तसाच लावला की टँक काळा ढेकूळ दिसतो, म्हणून त्यांनी बेस कोटमध्येच फिकट रंग मिसळला, वरून अजून फिकट, मग तपकिरी वॉश म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, कडांवर ड्रायब्रश म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग, खाली चिखल.

खरी चर्चा झाली नळीवर. फायरफ्लायची लांब नळी लांबून ओळखू येऊ नये म्हणून बरेच क्रू नळीच्या पुढच्या भागाचं पोट पांढरट रंगवायचे, नागमोडी कड काढून, म्हणजे समोरून बघणाऱ्याला नळी मध्येच संपल्यासारखी, साध्या ७५ मिमीइतकी वाटावी. थोरल्याला ते हवंच होतं. धाकट्याचा मुद्दा असा की टेबलावर समोरच्याला कुठला टँक काय आहे ते कळलं पाहिजे, नाहीतर खेळताना वाद होतात, आणि तो मुद्दा बिनतोड होता. मी समोर बसणारा, त्यामुळे मलाही तेच वाटलं.

मग मीच म्हटलं की एकदा रंगवून बघा, नाही आवडलं तर वरून हिरवा मारता येतो. रंगवला आणि टेबलावर ठेवला, आणि खुर्चीवरून बघितलं तर नळी पूर्ण लांब, गडद, मझल ब्रेकसकट, काही शंका नाही. कारण आपण टेबलाकडे वरून बघतो आणि पांढरा रंग खालच्या बाजूला आहे. मग मी पँथरच्या मागे गुडघ्यावर बसलो, डोळा टरेटच्या उंचीला आणला, जसं लाइन ऑफ साइट बघताना बसतो तसं, आणि समोरचे चार शर्मन बघितले. फायरफ्लायची नळी अर्ध्यात विरलेली. मला माहीत असूनही एक क्षण तिघांत आणि त्याच्यात फरक लागेना. त्या काळच्या जर्मन गनरला काय दिसत असेल ते त्या क्षणी कळलं, आणि असं काही कळणं हेच मला या छंदातलं सगळ्यात मोठं सुख वाटतं.

पांढरा रंग राहिला. शिवाय गेमच्या सुरुवातीला फायरफ्लाय कुठला ते बोट दाखवून सांगायचं असं ठरलं.

शेवटच्या आठवड्यातली चूक

गेमच्या तीन दिवस आधी मॅट वॉर्निशचा स्प्रे. बाहेर हवा ओलसर होती, डबीवर सरळ लिहिलेलं असतं दमट हवेत मारू नका, पण दिवस उरले नव्हते म्हणून थोरल्याने मारला, तोही दोन कोट लागोपाठ. सकाळी चारही टँकांवर पांढरट धुकं, चिखल आणि वॉश सगळं त्याखाली गेलेलं.

सुदैवाने हे बऱ्याचदा दुरुस्त होतं. एका टँकच्या मागच्या कोपऱ्यावर ब्रशने ग्लॉस वॉर्निश लावून बघितलं, सुकल्यावर खालचा रंग परत दिसायला लागला. मग चारही टँकांना तसाच ग्लॉसचा पातळ हात, चोवीस तास सुकवणे, आणि त्यावर ब्रशने लावायचं मॅट. धुकं जवळजवळ सगळं गेलं, फक्त बोग्यांच्या आतल्या बाजूला जिथे ब्रश पोचला नाही तिथे राहिलं, आणि ते वाळलेल्या चिखलात खपून गेलं.

निकाल

गेम ठरल्या दिवशी झाला. फायरफ्लायने माझा एक पँथर बांधावरून घेतला, दुसऱ्याने त्याला घेतलं. नळी एकदा माझ्याच बाहीत अडकली, टरेट फिरला, काही तुटलं नाही. त्यानंतर तो टँक अनेक गेम खेळलाय, मझल ब्रेकच्या टोकाचा रंग उडालाय, बाकी शाबूत.

पण एक गोष्ट टेबलावर चारही शेजारी ठेवल्यावर दिसली आणि थोरल्याला लागली. सहा आठवड्यांतले जवळजवळ सगळे तास एका टँकवर गेले होते. बाकी तिघांच्या नळ्यांवर साच्याची रेघ तशीच, एकाचा ट्रॅक बोगीपासून उचललेला, सामान कोणावरच नाही. टेबलावर डोळा ट्रूप बघतो, चौघं मिळून एक गोष्ट असते, आणि तिथे एक अप्रतिम आणि तीन घाईचे असं दिसलं. धाकट्याने ते तिघं मन लावून जोडले होते, फक्त त्यांना दुसरा हात द्यायला कोणाकडे वेळच उरला नव्हता. मीही रोज तिथे बसायचो आणि माझ्याही हे लक्षात आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

परत करायचं झालं तर

हल कापायचा नाही. धाकट्याची पट्टी बरोबर होती. नंतर थोरल्याने उरलेल्या तुकड्यावर करून बघितलं, बाजू आधी अर्धा मिमी घासली आणि त्यावर अर्धा मिमी कार्ड लावलं तर रुंदी तेवढीच राहते, हलचा मूळ सांगाडा अखंड राहतो म्हणून नाक वाकडं होण्याचा प्रश्नच नाही, आणि वरचा कोपरा पुट्टीने दोन थरांत भरला की धारदार कड येते. तीन आठवड्यांचं काम चार-पाच संध्याकाळींत. त्या दिवशी त्याने "रुंदी वाढेल" म्हणून सोडून दिलं, पण घासून कमी करता येईल का एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

कापणं टाळता येत नसेल तर टेपवर भरवसा ठेवू नये, हल कशात तरी घट्ट अडकवावा, आणि एका बाजूने आरपार न जाता चारही बाजूंनी थोडी थोडी खाच पाडत फिरावं.

नळी सगळ्यात आधी. डिटेल नंतर, पण नळीची पिन, मॅग्नेट, वॉशर हे कच्च्या टँकवरच, आणि मग तो कच्चा टँक निदान एक गेम खेळून बघायचा. आता तिथे हा नियमच झालाय, नवीन काहीही आलं की आधी धाकट्याच्या हातात.

वॉर्निश आधी भंगारातल्या स्प्रूवर, त्याच दिवशी त्याच हवेत. आणि हवा ओली असेल तर ब्रश.

तास आधी वाटून घ्यायचे. आता पुढच्या ट्रूपसाठी त्यांनी ठरवलंय की चारही टँक एकाच टप्प्यावर बरोबरीने पुढे न्यायचे, चौघांच्या नळ्या साफ झाल्याशिवाय कोणाच्याच वेल्डला हात लावायचा नाही. दोन नवीन किट आलीयेत, एम४ए४, म्हणजे यावेळी खरा व्हीसी. थोरल्याने खालचा हल काढून पहिल्या आणि दुसऱ्या बोगीमधलं अंतर मोजलं, मग दुसऱ्या आणि तिसऱ्यामधलं, आणि पट्टी धाकट्याकडे सरकवली, "बघ, बरोबर आहे ना."